नाडीचा हात : प्रकल्पाच्या नोंदी

९ जून

मॅडमनी वॉर्डातले टीपीआर चार्ट, म्हणजे ताप, नाडी आणि श्वास यांच्या नोंदींचे कागद, टेबलावर पसरले. नाडीच्या रकान्यात ७८, ८०, ७८, ७६, ८०. सगळ्या खाटा, सगळ्या पाळ्या. "इतकी माणसं एका तालात कशी काय?" प्रश्न ट्युटर सिस्टरना होता, काम मात्र माझ्याकडे आलं. वर्कशॉप माझ्या ताब्यात आहे ना.

काम असं : नर्सिंगच्या मुलींसाठी दंडापासून मनगटापर्यंतचा कृत्रिम हात. आत पाणी, पाण्याचा दाब आणि बोटाला लागेल अशी नाडी. डायल फिरवली की आजार बदलायला हवा. आम्ही पाहिलेल्या तयार मॅनिकिनमध्ये, म्हणजे शिकवायच्या पुतळ्यांमध्ये, ठोक्यांची संख्या तेवढी बदलते. ज्यात नाडीची जात बदलते, त्यांची किंमत ऐकून फोन खाली ठेवला.

मॅडमनी फळ्यावर लिहिलं : दर, ताल, जोर, लहरीचा आकार, धमनीची भिंत, दोन्ही बाजूंची तुलना. नाडी पाहायची म्हणजे एवढं पाहायचं. चार्टवर जागा फक्त पहिल्याला. पुढे आजारांची यादी केली : कोसळती नाडी, मंद चढणारी, दुहेरी शिखराची, जोर-कमजोर अशी आलटून पालटून येणारी, जोडठोक्याची, पूर्ण अनियमित, श्वासाबरोबर बुडणारी, आणि एका बाजूला उशिरा किंवा कमी येणारी. सगळं एका हातात बसवायचं.

१४ जून

हृदय म्हणून ५० मिलीची सिरिंज. प्रत्येक ठोक्याला १० मिली पाणी ढकलायचं ठरवलं. खरं हृदय एका ठोक्याला ७० मिलीच्या आसपास टाकतं, पण आपल्याला एकच हात चालवायचाय. १० मिलीसाठी दट्ट्या साधारण १५ मिमी सरकतो आणि ते काम ०.३ सेकंदात व्हायला हवं; मिनिटाला ७२ ठोके धरले तर पूर्ण फेऱ्याला ०.८३ सेकंद मिळतात, त्यातला आकुंचनाचा वाटा तेवढाच.

स्टेपर मोटरला (ठराविक टप्प्यांनी, म्हणजे स्टेपने, फिरणारी मोटर) स्क्रू लावून पाहिला, त्या वेगाला मोटर थरथरते आणि स्टेप चुकवते. दात्यांचा पट्टा लावला, प्रश्न मिटला. दट्ट्याच्या रबराला ग्लिसरीन. पुढे एकदिशा झडप, म्हणजे महाधमनीची झडप. परतीचं पाणी वरच्या बाटलीतून दुसऱ्या झडपेने सिरिंजमध्ये.

२२ जून

नळीवर आठवडा गेला, आणि तो सत्कारणी गेला.

आधी सलाईन सेटची प्लास्टिक नळी घातली. बोट ठेवलं की टक् टक् असा टणक धक्का लागतो. नाडी म्हणायची हिंमत होईना. मग रबराची सर्जिकल नळी आणली, ती फोमच्या खाचेत बसवून वर सिलिकॉनचा पातळ पत्रा ओढला. आता बोटाखाली काहीतरी फुगतं आणि ओसरतं. ट्युटर सिस्टर येऊन मनगट धरून उभ्या राहिल्या आणि सवयीने घड्याळाकडे बघायला लागल्या. पास!

प्लास्टिकची नळी मात्र फेकली नाही. मॅडम म्हणाल्या, "राहू द्या. हे माझे सत्तरीतले काका आहेत." खरंच आहे ते. वयानुसार आणि वर्षानुवर्षांच्या बीपीने धमन्यांची लवचीकता जाते. तरुण माणसाच्या महाधमनीत नाडीची लहर सेकंदाला पाचेक मीटर धावते. कडक झालेल्या धमनीत दहाच्या पुढे जाते. भिंत फुगत नाही म्हणून वरचं बीपी चढतं, आणि फुगून साठवलेलं काही नसल्याने खालचं उतरतं. आता आमच्याकडे दोन हात : तरुण आणि म्हातारा.

मुलींना हमखास वाटतं की बोटाला लागतं ते येणारं रक्त. त्यासाठी सोपा प्रयोग जमला. सिरिंजच्या तोंडाशी लाल शाईचा थेंब सोडायचा. ठोका मनगटाला त्याच क्षणी लागतो. शाई बिचारी कितीतरी ठोके घेत रखडत येते. धावते ती दाबाची लहर. रक्त मागून निवांत येतं.

३ जुलै

दाबाचा सेन्सर आला : ० ते ५० किलोपास्कलचा. १२० मिमी पारा म्हणजे १६ किलोपास्कल, त्यामुळे जागा भरपूर. हा सेन्सर हवेचा आहे, पाणी लागलं की गेला. म्हणून टी-जोडातून उभी नळी काढून तिच्यात हवेचा स्तंभ ठेवलाय. नळी आडवी करायची नाही, अशी चिठ्ठी चिकटवली.

लॅपटॉपवर पहिली रेघ उमटली ती भलतीच : उंच सुळका आणि मग थेट शून्य. खालचं बीपीच नाही! कारण मधे साठवण नव्हती. झडपेच्या पुढे अर्धी हवा भरलेली छोटी बाटली जोडली. आकुंचनात हवा दबते, झडप मिटल्यावर तीच हवा पाणी पुढे ढकलत राहते. शरीरात हे काम महाधमनीची लवचीक भिंत करते. स्टीफन हेल्स यांनी घोडीच्या धमनीत काचेची नळी उभी करून रक्त किती चढतं ते मोजलं होतं, आणि १७३३ मध्ये ते छापलं. आगीच्या बंबातल्या हवेच्या टाकीशी या भिंतीची तुलना त्यांचीच. १८९९ मध्ये ओट्टो फ्रांक यांनी त्यावर गणित मांडलं. आमची बाटली शेंगदाणा तेलाची, धुतलेली.

मनगटापुढे सलाईनची चकती, म्हणजे बारीक धमन्यांचा विरोध. चकती आणि हवा जुळवत संध्याकाळी १२०/८० ला पोहोचलो. उतरत्या रेघेवर झडप मिटल्याची खाचही दिसते. मॅडमनी त्या खाचेचा फोटो काढून नेला.

जाता जाता त्यांनी एक सांगितलं. ही खाच खोल होऊन तिच्यामागे दुसरा उंचवटा बोटाला लागू लागला की एका ठोक्याचे दोन वाटतात. टायफॉइडच्या जुन्या वर्णनांत ही नाडी ठरलेली असते : रक्तवाहिन्या सैल, दाब कमी. हृदय अगदी थकलेलं असेल तेव्हाही ती दिसते.

११ जुलै

कोसळती नाडी. सगळ्यात मजेचं काम, कारण आजारच प्लंबिंगचा आहे.

महाधमनीची झडप नीट मिटत नसेल तर पुढे गेलेलं रक्त परत हृदयात गळतं. पुढच्या ठोक्याला हृदय नेहमीचं आणि गळून आलेलं असं दोन्ही ढकलतं, म्हणून वरचं बीपी चढतं. गळतीमुळे खालचं कोसळतं. मी झडपेला बगल देणारी बारीक नळी टाकली आणि तिला चकती लावली. दट्ट्याचा पल्ला थोडा वाढवला. चकती जसजशी उघडत गेलो तसतशी रेघ उंच आणि खोल होत गेली, १४५/४५ पर्यंत. झडपेची खाच जवळजवळ पुसली गेली. मॅडमनी सांगायच्या आधीच ते घडलेलं होतं, आणि ते बघून मला उगाच आनंद झाला.

डब्लिनच्या डॉमिनिक कॉरिगन यांनी १८३२ मध्ये अशा रुग्णांच्या मानेतल्या धमन्या डोळ्यांना उडताना दिसतात हे लिहून ठेवलं. तपासायची रीत : रुग्णाचं मनगट बोटांच्या टोकांनी न धरता तळव्याने वेढून धरायचं आणि हात डोक्याच्या वर उचलायचा. ठोका तळव्यावर आपटतो आणि लगेच नाहीसा होतो. उचलायचं कारण हिशेबात दिसतं : हात ४० सेंटिमीटर वर नेला की हातातला दाब सुमारे ३० मिमी पाऱ्याने उतरतो. खालचं बीपी आधीच ४५, त्यात ३० गेले तर धमनीत उरतं काय? ठोक्यांच्या मधे ती जवळपास रिकामी. म्हणून खांद्याला दाराची बिजागरी बसवली. आता हात उचलता येतो.

मॅडमची ताकीद, जशीच्या तशी : "कोसळती नाडी लागली म्हणजे लगेच झडप म्हणू नका. आधी पापणी ओढून बघा." रक्त खूप कमी असेल, थायरॉइड वाढलेला असेल, ताप असेल, बाई गरोदर असेल, तरी नाडी अशी उसळते. आपल्याकडच्या वॉर्डात हिमोग्लोबिन ५ असलेली बाई रोज भेटते.

१९ जुलै

पाऊस. लाईट नाही. रबरी नळीच्या जोडांना क्लिप लावल्या, बाकी काही नाही.

२७ जुलै

मंद चढणारी नाडी. झडप अरुंद झाली की रक्त चिंचोळ्या वाटेने हळूहळू बाहेर पडतं. नाडी बारीक होते आणि शिखराला उशिरा पोहोचते. झडपेपुढे चिमटा लावला. बाटलीजवळच्या सेन्सरवर रेघ अगदी पुस्तकातल्यासारखी : लोळत चढणारी, बुटकी.

मनगटावर? नुसती बारीक नाडी. मंद चढ बोटाला कळतच नाही. म्हातारा हात जोडला तर बारीकपणाही लपला आणि नाडी बऱ्यापैकी ठणठणीत वाटायला लागली.

मला वाटलं होतं नळीत काही करावं लागेल. मॅडम म्हणाल्या, काही करू नका, शरीरातही हेच होतं. हृदयापासून दूर जाता जाता लहरीचा चढ तीव्र होतो आणि शिखर उंचावतं. परावर्तित लहरी तिच्यात मिसळतात. धमन्या कडक असलेल्या म्हाताऱ्या माणसात झडप पार अरुंद असूनही मनगटावरची नाडी फसवते. जिना चढताना भोवळ, छातीत दुखणं, धाप अशी तक्रार असलेल्या आजोबांचं मनगट धरून "नाडी चांगली आहे" म्हणणं यासारखा धोका नाही. लहरीचा आकार बघायचा तर मानेत बघायचा, कॅरोटिड धमनीवर. तोही एका वेळी एकाच बाजूला, हलक्या बोटाने.

म्हणजे मनगटावर हा आजार शिकवला तर आपण खोटं शिकवू. यादीतून तो मनगटापुरता काढला. बाटलीच्या जवळ फोमची मान बनवायची. दुहेरी शिखराची नाडीही तिथेच जाईल. ती गळती आणि अरुंदपणा एकत्र असलेल्या झडपेत किंवा हृदयाचा स्नायू जाड होऊन वाट अडवतो त्या आजारात मिळते, आणि तिची दोन शिखरं मनगटावर वेगळी लागणं अवघडच.

आज यादी लहान झाली. माझ्या मते प्रकल्पातलं हे सगळ्यात महत्त्वाचं काम.

५ ऑगस्ट

अनियमित नाडी. यांत्रिक काही नाही, सगळं प्रोग्रॅममध्ये. दोन ठोक्यांमधलं अंतर प्रत्येक वेळी यादृच्छिक. पण एवढ्याने भागेना. बोटाला ती फक्त 'चुकणारी' वाटत होती. मग जोर अंतराला बांधला : मधला वेळ कमी मिळाला तर हृदय कमी भरतं, म्हणून पुढचा ठोका छोटा, वेळ जास्त मिळाला तर ठोका मोठा. हे घातलं आणि सिस्टर एकदम म्हणाल्या, "हां, आता एएफ." एट्रियल फिब्रिलेशन. वरचे कप्पे आकुंचन न पावता नुसते फडफडतात. खाली किती संदेश पोहोचतील याला नेम नसतो.

अगदी घाईच्या ठोक्याला डावा कप्पा इतका रिकामा असतो की लहर मनगटापर्यंत येतच नाही. छातीवर ठोका ऐकू येतो, मनगटावर गायब. वॉर्डात ते दाखवायला मॅडमनी मला आणि दोन मुलींना नेलं. खाटेवर पस्तिशीतली बाई, लहानपणीच्या सांधेतापाने डाव्या बाजूची मायट्रल झडप अरुंद झालेली. एक मुलगी स्टेथोस्कोप लावून छातीवर, दुसरी मनगटावर, मधे एकच घड्याळ, पूर्ण मिनिट. छातीवर ११८. मनगटावर ९२. दोघींना वाटलं दुसरीचं चुकलं. पुन्हा मोजलं, फरक तसाच.

"ताई, काय झालं?" त्या बाईनेच विचारलं. मॅडमनी तिला सांगितलं की काही नवीन नाही, ह्या शिकतायत. मग मुलींना बाहेर व्हरांड्यात नेऊन बाकीचं सांगितलं : हा फरक दहाच्या वर गेला की एएफचा संशय पक्का करायचा. एएफमध्ये वरच्या कप्प्यात रक्त साचून गुठळी होते, ती मेंदूत गेली तर लकवा. लकव्याचा धोका साधारण पाचपट. झडप अशी अरुंद असेल तर त्याहून बराच जास्त. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायची सवय अशा नाडीत काही कामाची नाही.

हातामध्ये आता छोटा स्पीकर टाकणार : छातीचा आवाज स्पीकरवर, नाडी मनगटावर.

१३ ऑगस्ट

आलटून पालटून येणारी नाडी. ताल घड्याळासारखा नियमित, पण एक ठोका जोराचा, पुढचा कमजोर. बर्लिनच्या लुडविग ट्राउबे यांनी १८७२ मध्ये वर्णन केलेली. हृदयाचा डावा कप्पा अगदी थकल्याची ती खूण आहे. म्हणून मॅडमना ती हवीच होती.

१० आणि ८ मिली अशी आलटापालट केली. सेन्सरला स्पष्ट दिसते, बोटाला पत्ता नाही. १० आणि ६ केल्यावर कळायला लागली, तीही बोट हलकं ठेवलं तर. दाबलं की दोन्ही ठोके सारखे. हा नियम मुलींना सांगायचा : ताल बघताना बोट दाबलं तर चालेल, जोर बघताना नाही.

बोटाला न लागणारी कफने, म्हणजे बीपी मोजायच्या फुगणाऱ्या पट्ट्याने, पकडता येते. दंडावर कफ फुगवून हळूहळू हवा सोडायची. आधी फक्त जोराचे ठोके कफखालून निसटतात, मनगटावर मिनिटाला ४० लागतात. अजून थोडा दाब उतरला की एकदम ८०. आमच्या फोमच्या दंडावर हे इतकं सुरेख जमलं की संध्याकाळी वॉचमनकाकांनाही दाखवलं.

हिची जुळी बहीण जोडठोक्याची नाडी. एक नेहमीचा ठोका, त्याला खेटून वेळेआधी आलेला छोटा, मग मोठा विराम. एका मुलीने डोळे मिटून दोन्ही तपासल्या आणि म्हणाली, "सर, ही दुसरी लंगडत चालतेय." नेमकं. पहिलीत पावलं समान अंतरावर पडतात, दुसरीत नाही. फरक महत्त्वाचा, कारण जोडठोका बहुतेकदा तालाचा बिघाड असतो, आलटपालट स्नायूच्या ताकदीचा. डिगॉक्सिन हे हृदयाचं औषध चालू असलेल्या रुग्णात जोडठोका लागला तर गोळी देण्याआधी डॉक्टरांना कळवायचं.

२१ ऑगस्ट

श्वासाबरोबर बुडणारी. आत श्वास घेताना वरचं बीपी सगळ्यांचंच थोडं उतरतं. दहाच्या वर उतरलं तर ती बातमी आहे. श्वास आत घेताना उजवीकडे रक्त जास्त येतं. हृदयाभोवती पाणी साचून पिशवी ताणलेली असेल तर उजव्या कप्प्याला बाहेर फुगायला जागा नसते, तो मधल्या पडद्याला डावीकडे ढकलतो आणि डावा कप्पा कमी भरतो. आपल्याकडे अशा पाण्याचं मोठं कारण क्षयरोग. दम्याच्या जीवघेण्या झटक्यातही नाडी अशीच बुडते. १८७३ मध्ये आडोल्फ कुसमाउल यांना नवल वाटलं ते याचं, की हृदय चालू आहे आणि मनगटावरची नाडी श्वासागणिक नाहीशी होते.

चार सेकंदांचा श्वास, फोमच्या छातीत फुगणारा फुगा, त्याच्याशी पल्ला बांधला. पंधराचा फरक ठेवला तर बोटाला काही कळत नाही. तीस केल्यावर कळतं, पण तेवढा फरक असलेल्या माणसाची नाडी शिकायला वेळ कुणाकडे असतो? हीसुद्धा कफच्या धड्यात टाकली.

२ सप्टेंबर

दोन बाजू. दुसरा हात न बनवता मुख्य नळीला फाटा देऊन दुसरं मनगट आणि एक जांघ काढली. फाट्यावर चिमटे.

चिमटा जांघेकडे लावला की महाधमनी वाटेतच आकसलेली : हातात नाडी दणकट, जांघेत बारीक आणि उशिरा. निरोगी माणसात दोन्ही ठिकाणी ठोका जवळजवळ एकदम लागतो. विशी-तिशीत बीपी वाढलेल्या प्रत्येकाची जांघेतली नाडी बघा, असा मॅडमचा आग्रह. ओपीडीत ते किती वेळा होतं यावर त्यांनी काही बोलायचं टाळलं.

चिमटा एका हाताला लावला की ताकायासूचा आजार. १९०८ मध्ये जपानचे नेत्रतज्ज्ञ मिकितो ताकायासू यांनी एका तरुणीच्या डोळ्यातल्या रक्तवाहिन्यांचे विचित्र बदल मांडले; तशाच रुग्णांच्या मनगटाला नाडी लागत नाही हे त्याच सभेत इतर डॉक्टरांनी सांगितलं. मोठ्या धमन्यांच्या भिंतींना सूज येऊन वाट बंद होते. भारतासह आशियात हा आजार जास्त, आणि तो मुख्यतः तरुण बायकांना होतो. एका हाताला बीपी लागेना म्हणून 'मशिन खराब' असा शेरा पडायचा आणि बाई घरी जायची. अशा गोष्टी मॅडमकडे ढीगभर.

१८ सप्टेंबर

पहिली बॅच. डायल पडद्यामागे, मुली हाताला. एएफ जवळजवळ सगळ्यांनी ओळखलं. कोसळती नाडी हात उचलल्यावर ओळखली, तोवर 'चांगली भरलेली' असंच लिहिलं होतं. जोडठोका आणि आलटपालट यांत गोंधळ. हे अपेक्षितच होतं. दोघी-तिघींनी अंगठ्याने नाडी धरली. अंगठ्याची स्वतःची नाडी जोरात असते, तीच मोजली जाते. सिस्टरनी मोटर बंद केली, तरी एकीचं मोजणं चालूच. ७६!

एकीने स्मार्टवॉच पुढे केलं, "सर, हे एएफ सांगतं." सांगतं ना. त्यातला प्रकाश त्वचेखालच्या रक्ताच्या चढउतारावरून ठोक्यांमधली अंतरं मोजतो आणि अनियमितपणा पकडतो. खात्री ईसीजीनेच करायची. जांघेतला उशीर किंवा उचललेल्या हातातला आपटा त्याला कळायचा नाही.

२९ सप्टेंबर

चार्टचा नवा नमुना मंजूर झाला. नाडीच्या रकान्यात आकड्याखाली दोन चौकटी : ताल नियमित की अनियमित, आणि भरतीच्या वेळी दोन्ही मनगटं सारखी का. मॅडमना सहाच्या सहा हव्या होत्या. सिस्टर म्हणाल्या, सहा दिल्या तर सहाही न बघता भरतील. मला सिस्टरचं पटतं.

तालाच्या चौकटीत 'अनियमित' भरलं तर पूर्ण मिनिट मोजायचं, छाती आणि मनगट दोन्हीकडे, आणि ईसीजीसाठी कळवायचं, हे चार्टच्या मागे छापून घेतोय.

बाकी कामं : मानेसाठी फोम मऊ हवा, सध्याचा बोट बुडू देत नाही. रबरी नळी कोपराशी पांढरी पडायला लागलीय, दिवाळीआधी बदलायची. स्पीकरचा आवाज मोटरच्या घरघरीत हरवतो, म्हणून मोटर लाकडी खोक्यात घालायची. मेस्त्रींना माप दिलंय.